प्रबंध कोणाच्या हातचा?



धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. पण उच्च शिक्षणासाठी धारचा विद्यार्थी प्रायः इंदूरकडे (विद्यापीठ १९६४ चे), देवासचा उज्जैनकडे (१९५७ चे) पाहतो. कीटकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास विषय मात्र माळव्यातल्या शेतातच आहे. सोयाबीनवरील चक्रीभुंग्याची मादी देठावर दोन वलये कोरून मध्ये अंडे घालते. वरचा भाग सुकतो, अळी खोड पोखरते. सुकलेली ती फांदी भिल्ल शेतकरीण प्रथम पाहते. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. त्या बाईची मुलगी प्रबंधात नुसती ‘माहिती देणारी’ म्हणून यावी, की प्रबंधकर्ती म्हणून? मला दुसरे हवे आहे. म्हणून शताब्दीनिमित्त एवढेच मागतो : अशा विद्यार्थ्यांना आपल्या अभ्यासिकेत अनामत रकमेवाचून प्रवेश द्यावा.