वजनाचा काटा आणि हाडांचे बळ

(संस्थेच्या वार्षिक सभेत मुलुंड येथे अस्थिरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलुंड पूर्वेच्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय ६८, उंची १५२ सेंटिमीटर, वजन अवघे ४१ किलो. "आईला मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तिने कधी वजन वाढू दिले नाही. मग असे कसे झाले?" असे त्यांच्या चिरंजीवांनी मला विचारले. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या ४१ किलोंतच होते.

हाड ही सजीव वस्तू आहे. जेवढा भार पडतो, तेवढी ती स्वतःला घडवते. हे तत्त्व जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. भारच नसलेल्या अंतराळात यात्रिकांच्या खुब्याची घनता दरमहा साधारण एक टक्क्याने घटते. कृश देहात हाडांवर भार कमी, पडताना झेलणारी मांसल गादी पातळ. शिवाय पाळी थांबल्यावर स्त्रीच्या शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन तयार होते, ते मुख्यत्वे चरबीतच. विविध देशांतील सुमारे साठ हजार स्त्री-पुरुषांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. देहभार निर्देशांक २५ असणाऱ्यांच्या तुलनेत २० असणाऱ्यांत खुबा मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. आमच्या आजींचा निर्देशांक १८ देखील नव्हता.

तर मग वजन वाढवावे काय? येथे सावध राहावयास हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. तो लेख हाडांविषयी नव्हता, तरी माझे म्हणणे त्यात आले आहे. काटा किलो सांगतो. ते स्नायूंचे की पोटाच्या घेराचे, हे सांगत नाही. हाडाला खेचून बळकट करतो तो स्नायू. स्थूल स्त्रियांत घोट्याची व मांडीची हाडे अधिक मोडतात, असे दहा देशांतील पाहणीतून २०११ मध्ये दिसले. त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची उणीवही अधिक असते.

आणखी एक चिंता तरुण मंडळींची. केवळ उपाशी राहून वजन दहा टक्के उतरवले, तर खुब्याच्या हाडाची घनताही एक-दोन टक्के उतरते. व्यायामाची जोड दिल्यास ही हानी कमी होते. उपवासाची खिचडी तर मलाही प्रिय आहे, पण साबुदाण्यात प्रथिने नावालाच! प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, हे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साधारण साडेतीनशे असते. दूध, तीळ, आणि जे खातात त्यांना काट्यासकट खाल्लेली लहान मासळीही आहे. ऊन मात्र आपण हरवले. पहाटेची लोकल, दिवसभर कचेरी, परतीला अंधार; ज्या दुपारच्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते, ते आपल्या वाट्याला येतच नाही.

त्या आजी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. घरी न्हाणीघरात दांडी बसवली आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठण्याचा व्यायाम त्या करतात, आणि सून मोजते.

सभेनंतर सभागृहाबाहेर उंची व वजन मोजण्याची सोय केली आहे. वडीलधाऱ्यांना अवश्य घेऊन यावे, आणि त्यांची तरुणपणीची उंची कोठे नोंदलेली असेल तर तीही आणावी. ती चार सेंटिमीटरने घटली असल्यास मणका नकळत दबला आहे का, ते आम्हांला पाहता येईल.