रिमोटची शिकवणी

भाईंदर पूर्वेला, खाडीकाठच्या जेसल पार्कात संध्याकाळी मालिका लागते आणि घरोघरी शोध सुरू होतो: टीव्हीचा रिमोट कुठे गेला?

तो हाताशी असतानाच एकदा शिकवणी उरकून ठेवली, तर पुढे तो नसला तरी चालतं. केबलच्या सेट टॉप बॉक्सच्या अनेक रिमोटवर चौकटीतली काही बटणं शिकवण्यासाठीच असतात. 'सेट' बटण दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून धरायचं. मग शिकवायचं बटण दाबायचं. टीव्हीचा रिमोट दोन बोटं अंतरावर, तोंडासमोर तोंड धरून त्याचं तेच बटण दाबायचं. दिवा लुकलुकला, की धडा पाठ! शेवटी पुन्हा 'सेट'.

बॉक्सचा रिमोट शिकतो ती अवरक्त किरणांची लय. सेकंदाला साधारण ३८ हजार स्पंदनांची. असा शिकणारा रिमोट स्टीव्ह वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये आणला होता.

जमलं नाही, तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबून पाहावा. जांभळट ठिपका चमकला नाही, तर आधी सेल बदलावेत.