शाळकरी मुलांचे व्यायामोपचार



माझ्या वर्गातील एक मुलगी नेहमी तिरकी बसे. “सरळ बैस” म्हणून मी तिला दोन वर्षे दटावीत असे. पुढे डॉक्टरांनी तिला कमरेतून ओणवे व्हावयास सांगितले, तेव्हा पाठीची एक बाजू उंच दिसली. कणाच वाकलेला होता. मी ज्यास आळस म्हणत होतो, तो रोग होता.

मुंबईत श्रीमती फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या कन्येस पोलिओ झाल्यावर, १९४७ साली अपंग मुलांसाठी कार्य आरंभिले; त्यातूनच हाजी अली येथील बाल-अस्थिरुग्णालय उभे राहिले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. वाकलेले कणे मात्र आहेतच. केवळ व्यायामाने प्रत्येक कणा सरळ होतो असे नव्हे. काहींस पट्टा, क्वचित शस्त्रक्रियाही लागते. परंतु वाढीचे वय सरल्यावर पट्ट्याचा उपयोग उरत नाही.

आपल्या शिष्यवृत्ती-समारंभास मुले येतातच. त्या दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञांकडून त्यांच्या पाठी तपासवाव्या, मुलींसाठी स्त्री-तज्ज्ञ असाव्या, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून देण्यास मी सिद्ध आहे.