शिसं जाळ्याला हवं, लेकराला नको
(मालवण येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात आरोग्यसेविकेने केलेले भाषण)



आपल्या मदतीवर आम्ही दर महिन्याला कातकरी वाडीवर जातो. मुलांची वजनं घेतो, जंताच्या गोळ्या देतो. यंदा एका झोपडीच्या दारात मी थबकले. बाप चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवत होता. पागाच्या घेराला ओवायच्या गोळ्या करायच्या होत्या. थोड्या वेळानं त्याच चुलीवर भात चढणार होता. तीन वर्षांची पोर शेजारी बसून गार झालेल्या गोळ्यांशी खेळत होती. एक गोळी तिच्या तोंडात होती. मी ती काढायला लावली, तेव्हा आजी म्हणाली, "बाई, आमी पन असंच खेळलो."

आजी खोटं बोलत नव्हती. शिशाचं विष लगेच दिसत नाही. पोट दुखतं, शौचाला घट्ट होतं, रक्त कमी होतं, मूल चिडचिडं होतं. याला आपण जंत म्हणतो, नाहीतर दृष्ट. फार वाढलं तर झटके येतात, जीवही जातो. मोठ्यांच्या मानानं लहान मुलाच्या पोटातून चार-पाच पट शिसं रक्तात जातं. आधीच रक्त कमी असेल तर आणखी जास्त. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं.

हे फक्त वाडीचं दुखणं नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबईतल्या तीन वर्षांखालील मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे निम्म्या मुलांत डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं होतं. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. जुना रंग, फोडलेली बॅटरी, भेसळीची हळद मात्र अजून आहेतच.

त्या पोरीच्या रक्ताचा अहवाल आला. आकडा पाचाच्या वर, पंचेचाळीसच्या खाली. बाप म्हणाला, "मग सुई द्या." मला नाही म्हणावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे पाच झाले की शिसं कुठून येतं ते शोधून थांबवायचं. रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे काढणारं औषध पंचेचाळीसपासून, तेही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर असं औषध तपासलं, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. मुलांच्या रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचणीत फरक पडला नाही. गेलेलं औषधानं परत येत नाही. म्हणून पहिला उपचार घरात.

पण पाग सोडा असं आम्ही कसं सांगणार? पाग पडला नाही तर रात्री चूल पेटत नाही. मग ठरलं असं: शिसं वितळवायचं ते घरापासून लांब, उघड्यावर, पोरं जवळ नसताना. पळी वेगळी. गोळ्या झाकणाच्या डब्यात. हात धुऊन, कपडे बदलूनच मूल उचलायचं. जुन्या चुलीची राख लांब खड्ड्यात पुरली, कारण त्याच राखेनं भांडी घासली जात होती. जमीन खरवडून पुन्हा सारवली. पोरीला लोहाचं औषध सुरू केलं. नाचणी, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी रोज द्यायला सांगितली. उपाशी पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून सकाळची पेजही चुकवायची नाही.

राख पुरायला आजी स्वतः आली. एवढंच म्हणाली, "आदी कोनी सांगितलं नाय."

पोरीचा दुसरा नमुना पुढच्या फेरीत घेऊ. हाडांतलं शिसं हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागेल. त्याच वाडीत पाग विणणारी आणखी घरं आहेत, आणि त्यांतल्या मुलांचं रक्त अजून तपासलेलं नाही. तुमच्या देणगीतून या वेळी औषधांच्या आधी या तपासण्या आणि तयार गोळ्या घ्याव्यात, एवढीच माझी विनंती आहे.