दिसणे आणि असणे
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



अंधारात तळहातामागे विजेरी धरली की बोटे लाल दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि लाल प्रकाश बऱ्याच अंशी पार येतो. मात्र ऊतींमध्ये त्याचे विकिरण होते. त्यामुळे आतील हाडांची आकृती उमटत नाही.

हा केवळ खेळ नव्हे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी 1831 मध्ये डोक्यात पाणी साचलेल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली असता कवटी अर्धपारदर्शक भासे. आज दंतवैद्य दातामागे प्रकाशाची बारीक नळी धरतात. निरोगी भागातून प्रकाश सहज जातो. कीड लागलेल्या भागात तो अधिक विखुरतो आणि तेथे काळसर छाया दिसते. दाताला तडा असेल तर प्रकाश तेथेच अडतो. या तपासणीत ना वेदना, ना क्ष-किरण.

परंतु येथेच सावधपणा हवा. तान्ह्या बाळाच्या जांघेत सूज आली आणि प्रकाश टाकताच ती उजळली, तर 'पाणी साचले आहे' असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र इतक्या लहान वयात आतड्याची भिंत पातळ असते; हर्नियात उतरलेले आतडेही तसेच उजळू शकते. पाणी समजून तेथे सुई घातली, तर आतड्याला भोक पडून बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जाणता वैद्य हाताने तपासतो, आईला विचारतो, गरज पडल्यास सोनोग्राफी करवून घेतो आणि मगच निदान करतो.

'उजळते' हे निरीक्षण. 'पाणी आहे' हे अनुमान. या दोहोंमधील अंतर ओळखणे म्हणजेच विज्ञान शिकणे. आपल्या प्रयोगवहीत या दोहोंसाठी स्वतंत्र रकाने असतात, ते केवळ गुणांसाठी नव्हेत. आपल्यापैकी जे माजी विद्यार्थी आज वैद्यकीय व्यवसायात आहेत, त्यांना या रकान्यांचे मोल रोज जाणवत असेल.

पालकहो, मूल घरी येऊन ठामपणे काही सांगू लागले, तर त्याला गप्प करू नका आणि लगेच मानही डोलावू नका. एवढेच विचारा, "यातले तू पाहिलेस काय, आणि त्यावरून ठरवलेस काय?" हा प्रश्न मुलाने मायबोलीत ऐकला, की पुढे तो स्वतःलाही विचारण्याची सवय त्याला लागेल.