केळीची बाग पिवळी दिसली, तर घाबरू नका

तायांनो, खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात गोठते ना? सूर्यफुलाचं तेल गोठत नाही. झाडाच्या पेशीभोवती असाच चरबीचा पातळ पापुद्रा असतो. थंडी हळूहळू वाढली की गहू, हरभरा त्या चरबीची जातच बदलतात, पापुद्रा लवचिक राहतो. आपली केळ उष्ण मुलखातली, तिला हे फारसं जमत नाही. पापुद्रा ताठरतो, आतलं पाणी झिरपतं. फ्रिजमधलं केळं काळं पडतं ते याचमुळे.

रावेर-यावलकडे पारा १० च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते. पानं पिवळी पडतात, घड पोंग्यातच अडकतो. मुळंही गारठतात, खत उचलत नाहीत. मला हे उशिरा कळलं. गटाचं कर्ज काढून लावलेली बाग पिवळी दिसली, तर मी घाबरून युरियाच्या गोण्या ओतल्या. खत वाया, व्याज मात्र चालू!

आता रात्री विहिरीचं पाणी देते, ते हवेपेक्षा उबदार असतं. (लाईट रात्रीचीच मिळते, तिचा एवढाच उपयोग.) पहाटे बांधावर ओला पाला पेटवून धूर करते, घडाला पिशवी घालते. वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावलीय. अर्धवट पिवळं पान कापत नाही, उरलेलं हिरवं झाडाला पोसतं.

मग वाट बघायची. ऊन तापून नवं पान सुटलं की समजायचं, मुळं चालू झाली. तेव्हा खत द्यायचं, तेही थोडं थोडं. अडकून वाकडा झालेला घड मात्र सरळ होत नाही. गटाचा हप्ता ठरवताना तेवढे घड आधीच वजा धरा.