आठव्या वर्षातला मृत्यू

न्यायवैद्यक शास्त्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्ष म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलते.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली, तर दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेले तहसीलदार चौकशीला येतात आणि शवविच्छेदन होतंच. ही तरतूद १९८३ची. हुंडाबळीचं कलम १९८६चं. घरोघरी स्टोव्हचे भडके उडत होते आणि त्यात सुनाच तेवढ्या जळत होत्या, त्या काळात बायकांनी मोर्चे काढून हे कायदे मिळवले.

पण आठव्या वर्षी काय? मारहाण थांबलेली नसते. बाराव्या वर्षी बाई जाते, ठाण्यात ‘एडी’ म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते, बाहेर अंत्यविधीची घाई चाललेली असते. पोलिसांच्या पत्रात एकच ओळ: ‘घरगुती कारणावरून गळफास’. ती ओळ मनात धरूनच आपण शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहतो. शंका असेल तर सात वर्षांनंतरही कसून चौकशीला कायद्यात वाव आहे. शंका घेणारं कोणी नसतं.

गळ्यावरचा वण तिरका, गाठीशी तुटलेला असेल तर गळफास. आडवा, गळाभर असेल तर आवळणं. एवढं विद्यार्थीही सांगतो. पण गळा आवळून मग लटकवलं असेल तर नुसत्या वणावर विसंबता येत नाही. म्हणून डोक्यातलं आणि छातीतलं रक्त आधी निघू द्या, मग गळ्याचे स्नायू थराथराने सोडवा. फास कापताना गाठ शाबूत ठेवा. आणि दंडाची आतली बाजू पाहा. तिथे बोटांनी दाबल्याचे गोल डाग असतात, काही ताजे लालसर-निळे, काही पिवळे पडलेले. मार एका रात्रीचा नव्हता, हे तिथे कळतं. ‘जुन्या किरकोळ खुणा’ असं लिहून मोकळं होणं मला अक्षम्य वाटतं. प्रत्येक खुणेचं माप आणि रंग लिहा, फोटो काढा.

पुण्यातल्या सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या पतीला निर्दोष सोडलं. पत्नीला विष दिलं गेलं की तिने स्वतः घेतलं, याचा निर्वाळा परिस्थितिजन्य पुराव्यावरून मिळाला नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, हे न्यायालयाने बजावलं आणि ते योग्यच आहे. म्हणूनच पहिल्या काही तासांत सुटलेलं पुढे कोणत्याच कोर्टात भरून निघत नाही.

जुलै २०२४पासूनच्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत, सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होतं आहे. पण तो नियम गुन्ह्याला. नोंद एडीची असेल तर तज्ज्ञांना बोलावणं मर्जीवर राहतं, आणि तोवर खोली पुसून निघते.

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. घरातल्या बाईच्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूत, लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, एडी नोंदवतानाच न्यायसहायक तज्ज्ञांना बोलवावं. घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिची तक्रार आली होती का, हे शवविच्छेदनाआधी डॉक्टरांना कळवावं. इंग्लंड-वेल्समध्ये २०११पासून अशा मृत्यूंचा सर्व खात्यांनी मिळून आढावा घेणं बंधनकारक आहे, तसा जिल्हावार इथेही व्हावा. ग्रामीण रुग्णालयात एकट्याने शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चर्चेत आधी बोलावं. त्यांच्या अडचणी मसुद्यात आल्याशिवाय मी तो मताला टाकणार नाही.